एकेकटीनं आत या

'समाज' हा शब्द कुणी माझ्यापुढे गोड आवाजात उच्चारला की आजही माझं डोकं तापतं. आणि 'ज्यानं त्यानं आपापलं बघावं' असं कुणी शहाणपणानं सांगितलं तरी तेवढंच तापतं. हे दोन्ही मी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दुपारी, आमच्याच व्हरांड्यात ऐकली. चहाचा एक कप संपायच्या आत.

आमचं घर आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावाला. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की उसाच्या कडेला पत्र्याच्या घरांची एक ओळ होती, त्यातलं एक. बा साखर कारखान्याच्या मळ्यात ऊस तोडायचा. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात बा, थोरला भाऊ, बाची विधवा बहीण म्हणजे माझी आते, आणि मी.

तो माणूस म्हणजे आमच्या गावच्या मराठी मंडळाचे प्रमुख. सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्याकडे क्रेओलमध्ये मास्तरांना 'मिस्ये' म्हणतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मिस्येच म्हणायचे. पांढरा सदरा, वर काळी छत्री. ऊन असो की पाऊस, छत्री असायचीच.

मिस्ये वाईट माणूस होते असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, आणि माझा राग खोट्यावर उभा राहावा असं मला वाटत नाही. आई गेली तेव्हा दिवस होईपर्यंत आमच्या घरात चूल पेटली नाही. मंडळातल्या बायका पातेली डोक्यावर घेऊन यायच्या, वाढायच्या, घासून परत न्यायच्या. पंचाहत्तरच्या मोठ्या वादळात आमचं छप्पर उडून उसात जाऊन पडलं, तेव्हा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून सगळ्यांत आधी वर चढले ते मिस्येच. गावातले पुरुष एकेक घर करत पुढे गेले. स्वतःचं घर उघडं ठेवून शेजारणीचं छप्पर बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा एकत्र राहण्यात काय असतं हे मला कुणी शिकवायला नको.

मी आत्ता जी मराठी लिहिते आहे तीही मिस्येंनीच शिकवली. घरची आमची मराठी वेगळी होती. ऊस तोडायला बेटावर आलेल्या पणजोबांनी कोकणातून आणलेली, पुढे क्रेओल आणि भोजपुरीची ठिगळं लागलेली. मिस्ये संध्याकाळी बैठकेत, म्हणजे मंडळाच्या खोलीत, आम्हाला अक्षरं गिरवायला लावायचे. एकदा त्यांनी 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक सांगितला. आम्ही पोरं बोलताना दोन्हींची सरमिसळ करायचो. ते म्हणाले, "'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत आला. ही सोय फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीत नाही. आपल्याच भाषेत आहे." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आतेला सांगितलं. आते म्हणाली, "बरं. आता आपण भांडी घासूया."

वादळाच्या पुढच्या वर्षी निवडणूक आली. कितीतरी वर्षं ती पुढे पुढे ढकलली जात होती. मधे संप झाले, पुढारी तुरुंगात गेले, सभांना बंदी आली. आता पहिल्यांदाच अठरा वर्षांच्या मुलामुलींना मत मिळालं होतं, आणि मी नुकतीच त्या वयाची झाले होते. माझा आनंद गगनात मावत नव्हता. मी कॉलेजात जाऊ शकले नव्हते, घरून एकालाच पाठवता येणार होतं आणि तो भाऊ होता. पण मत भावाला एक आणि मलाही एकच.

आमच्या देशात निवडणुकीला उभं राहणाऱ्यानं आपण कुठल्या समाजाचे हे अर्जावर लिहायचं असतं. तसा कायदाच आहे. कुणी मागे राहू नये म्हणून थोड्या जागा त्या हिशोबानं वाटतात. हेतू चांगला असेल. पण त्यामुळे झालं असं की सरकार माणसं बघायचंच नाही, गठ्ठे बघायचं. आणि प्रत्येक गठ्ठ्याला बांधणारा एक माणूस लागतो. आमच्या गठ्ठ्याला मिस्ये होते.

ते आले, व्हरांड्यात बसले, छत्री मिटून गुडघ्याला टेकवली आणि बाला विचारलं, "घरात मतं किती?"

"चार," बा म्हणाला.

"चारही आपली समजायची ना?"

"म्हणजे काय मिस्ये. तुमच्या बाहेर आम्ही आहोत का?"

मी दारात उभी होते. म्हटलं, "माझं कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही."

बाचा चेहरा पडला. मिस्ये मात्र हसले, लहान मूल काहीतरी गमतीचं बोललं की हसतात तसे. "अगं पोरी, एकटीच्या मताला मंत्री विचारतो का? मंडळाच्या मताला विचारतो. तू एकटी मोर्नेच्या डोंगरावर चढून ओरडलीस तरी पोर्ट लुईसला सरकारला ऐकू जाणार नाही. आपण सगळे एका आवाजात बोललो की रस्ता होतो, दिवे येतात, पोरांना कामं लागतात."

मी मत कुणाला दिलं ते तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. ते माझं होतं. निवडणुकीनंतर काही महिन्यांनी भावाला विमानतळावर सामान चढवण्याचं काम लागलं. मिस्येंनी शब्द टाकला होता. घरात लाडू झाले. बा त्यांच्या पाया पडला. त्या दिवसापासून बाची मान मिस्येंसमोर कायमची वाकली आणि ते पाहत मी हातातला लाडू संपवला.

पुढे मी लिझिनमध्ये लागले. लिझिन म्हणजे कारखाना. त्या वर्षांत बेटावर जिथे तिथे कपड्यांचे कारखाने उभे राहत होते आणि गावागावातल्या मुली पहाटे डबे घेऊन कारखान्याच्या गाडीत चढायच्या. आमच्या लिझिनमध्ये लोकरीचे स्वेटर व्हायचे. परदेशात थंडी पडते तिथे जायचे. आम्ही पत्र्याखाली घामाघूम होऊन ते विणायचो. माझं मशीन गळे जोडण्याचं. एकेक टाका सुईवर चढवायचा, डोळे फुटायचे. तरी मला ते काम आवडायचं, कारण तिथे पहिल्यांदाच माझ्या शेजारी कोण बसणार हे मंडळानं ठरवलं नव्हतं.

माझ्या शेजारी माहेबूर्गच्या बाजूची, कोळ्यांच्या गावातली एक क्रेओल बाई बसायची. माझ्याहून थोडी मोठी, मोठ्यानं हसणारी. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रात जायचा. ती मला "मा फी" म्हणायची, म्हणजे 'पोरी माझी'. मी पोळीत भाजी गुंडाळून आणायचे, ती पावात मासा. आम्ही अर्ध्याअर्ध्याची अदलाबदल करायचो. श्रावण असला तर मासा खाल्ल्याचं घरी सांगत नव्हते.

आमच्या ओळीची सुपरवायझर मात्र आमच्याच मंडळातली होती, मिस्येंच्या पुतण्यांपैकी एक. मिस्येंनीच तिला लावलं होतं. अशा बऱ्याच मुली त्यांनी लावल्या होत्या. ब्याऐंशीला अख्खं सरकार एका झटक्यात बदललं, वर्षभरात ते फुटलं, पुन्हा निवडणूक झाली. दोन्ही वेळा मिस्ये जिंकणाऱ्यांच्या बाजूला होते. कारखान्याच्या साहेबांनाही अशा माणसाची ओळख बरी पडते.

आता बिल्ल्याचं सांगते. संडासला जायचं तर सुपरवायझरच्या टेबलावरचा पितळी बिल्ला गळ्यात घालून जायचं. अख्ख्या ओळीला एक बिल्ला. तो परत आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही. आणि माल पाठवायचा दिवस असला की सुपरवायझर बिल्ला टेबलाच्या खणात टाकायची.

माझी मैत्रीण तेव्हा गरोदर होती, दिवस भरत आलेले. त्या दिवशी माल जायचा होता. तिनं सकाळी एकदा बिल्ला मागितला. "थांब," सुपरवायझर म्हणाली. तिनं पुन्हा मागितला. "हा ढीग संपव." तिनं माझ्याकडे पाहिलं, हसण्याचा प्रयत्न केला आणि सुई हातात घेतली. मग थोड्या वेळानं तिचे हात थांबले. मी मान वळवली तर ती समोर बघत होती आणि तिच्या स्टुलाखाली पाणी पसरत होतं. मला आधी वाटलं बाळाची वेळ झाली. तसं नव्हतं.

सुपरवायझर आली. तिनं पाहिलं. मशीन पुसायचं फडकं उचललं आणि मैत्रिणीच्या पायाशी टाकलं.

"पुसून घे. लोकरीला वास लागेल."

आणि ती पोट सांभाळत गुडघ्यांवर बसली आणि पुसायला लागली.

मी माझं मशीन बंद केलं. ठरवून नाही. हात आपोआप बटणाकडे गेला. खाली बसून तिच्या हातातून मी फडकं ओढून घेतलं. तेवढ्यात मागचं मशीन बंद झालं. मग त्याच्या मागचं. त्या खोलीत दिवसभर इतका आवाज असायचा की आम्ही ओठ वाचून बोलायचो. तो आवाज ओळीओळीनं बसत गेला आणि शेवटी पत्र्यावरच्या कबुतरांचे पाय ऐकू यायला लागले. सगळ्याजणी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. हिंदू, मुसलमान, क्रेओल, तमिळ, कोपऱ्यात बसणारी ती एक चिनी मुलगी. कुणी भाषण केलं नाही, कुणी कुणाचं नाव लिहून घेतलं नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यांत नीट सरकार ते होतं आणि ते जेमतेम जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

कामगारांचा साहेब वरून खाली आला. आमच्याच बेटावरचा होता, फ्रेंच मात्र असं बोलायचा की जणू कालच विमानातून उतरला. "काय हवंय?"

दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या. बिल्ला नको. तिची माफी मागा. साहेबानं हात वर केला.

"हे पाहा, मी गर्दीशी बोलत नाही. गर्दीला चेहरा नसतो. या कंपनीत प्रत्येक कामगाराला व्यक्ती म्हणून मान आहे. तुमचं प्रत्येकीचं म्हणणं मी ऐकेन. एकेकटीनं आत या."

किती सभ्य वाटतं ना ऐकायला? मलाही क्षणभर वाटलं. जन्मभर मला कुणी व्यक्ती म्हणून आत बोलावलं नव्हतं.

आत गार हवा होती. खुर्ची दिली. संत्र्याचा रस दिला. साहेब म्हणाला, "तू वाचतेस, लिहितेस, हुशार आहेस. या मुलींच्या मागे का लपतेस? तुझं स्वतःचं मत सांग."

"माझं मत तेच आहे. बिल्ला नको. आणि तिची माफी मागा."

"ते त्यांचं झालं. तुझं काय?"

"माझंही तेच."

तो हसला. "सुपरवायझरच्या आणखी जागा निघणार आहेत. आयुष्यात पुढे जायचं तर माणसानं स्वतःसाठी उभं राहायला शिकावं लागतं, मादम्वाझेल."

मी रसाला हात न लावता उठले. पण बाकीच्यांना काय बोलू? कुणाचा नवरा बिछान्यावर होता, कुणाची बहीण त्याच लिझिनमध्ये लागायची होती, कुणाला सांगितलं होतं की शेजारणीनं आधीच तुझं नाव घेतलं आहे. आत जाताना ती एक ओळ होती. बाहेर येताना नुसत्या एकेक बायका. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दुपार कलायच्या आत मशीनं पुन्हा सुरू झाली, एकेक करून, जशी बंद झाली होती तशीच. मैत्रिणीला गेटबाहेर बसवलं होतं. मी मशीनवर गेले नाही. तिच्याशेजारी फुटपाथवर जाऊन बसले. आणखी दोघी आल्या. एवढ्याच.

रविवारी दुपारी मिस्ये घरी आले. बानं खुर्ची पुसली. आतेनं चहा टाकला.

"तू काय मांडलं आहेस हे?" ते मला म्हणाले. "आपल्या समाजाच्या किती मुली तिथे आहेत माहीत आहे? उद्या एकेकीची जागा गेली तर त्यांच्या आईबापांना तोंड कोण दाखवणार? मी साहेबांना शब्द दिला होता."

"कसला शब्द मिस्ये?"

"की आपल्या मुली शांत असतात."

मला अजूनही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. आपल्या मुली शांत असतात. बाजारात गाय विकताना सांगतात, लाथ मारत नाही. माझी शांतता या माणसानं माझ्या नकळत कुठल्याशा टेबलावर ठेवून त्याच्यावर व्यवहार केला होता.

"आणि जिला गुडघ्यांवर बसवलं ती?" मी विचारलं.

"ती आपली नाही," मिस्ये म्हणाले. चहाचा घोट घेतला. "तिचे लोक आहेत, तिचं चर्च आहे, तिचं ती बघेल. तू तुझं बघ. लग्नाचं वय चाललंय, बापाचं बघ. शेवटी ज्यानं त्यानं आपापलं बघावं पोरी, जग असंच चालतं."

मी म्हटलं, "समाज समाज करत आलात आणि आता आपापलं बघ म्हणता? दोन्हीतलं एक तरी खरं सांगा."

"पोरी!" बा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. मला वाटलं तो मिस्येंना काहीतरी बोलणार. तो माझ्याकडे वळला. "मिस्ये सांगतात ते ऐक. तुझ्या भावाचं काम कुणामुळे आहे ते विसरू नको."

आतेनं स्वयंपाकघरात पातेलं इतक्या जोरात आपटलं की मिस्ये दचकले.

त्याच रविवारी संध्याकाळी गणपतीच्या तयारीची सभा होती. बैठकेत सगळे जमले होते, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कुणाच्या घरून मखर, कुणी झाकरीचे, म्हणजे कोकणातल्या जाखडीचे, नाच बसवायचे, असं चाललं होतं. ते संपल्यावर मिस्ये म्हणाले, लिझिनच्या बाबतीत थोडं बोलायचं आहे, समाजाच्या नावाला बट्टा लागू नये. तेव्हा मी उठले. आमच्याकडे बायका त्या खोलीत उठून बोलत नसत. गाणी म्हणत, प्रसाद वाटत.

"मिस्ये, तुम्हीच या खोलीत शिकवलंत," मी म्हटलं. "'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो. मग मी आत आहे की नाही? मला कुणी विचारलं? या मुलींना कुणी विचारलं? आपल्या वतीनं शब्द दिला म्हणता. ते 'आपण' नव्हतं मिस्ये, ते नुसतं 'मी' होतं. तुमचं एकट्याचं."

"खाली बस," कुणीतरी पुरुषांतून ओरडलं.

"बसणार नाही. ही इथेच बसली आहे, हिलाच विचारा." सुपरवायझर बायकांच्या मागच्या रांगेत होती, पदर तोंडावर घेऊन. "सांग, काय झालं त्या दिवशी?"

ती रडवेली झाली. "माल जायचा होता. मला वरून सांगतात तसं मी करते."

"फडकं टाक असं वरून सांगितलं होतं?"

तिनं पदर आणखी पुढे ओढला.

मिस्ये म्हणाले, "बैठकेत कारखान्याच्या भानगडी नकोत."

"तुम्हीच काढल्यात की," आते म्हणाली. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली, आणि आपल्या घरच्या मराठीत, जिला मिस्ये अशुद्ध म्हणायचे. "मी पोटुशी व्हते तवा मळ्यात गवत काढायची. तिकडं संडास नव्हता, भिंत नव्हती, काय नव्हतं. पन एकादी बाई बांधाआड गेली, तर सरदार पाठ फिरवून उभा ऱ्हायचा. गोऱ्या मालकाचा मुकादम व्हता तो. त्येला कळायचं."

मला वाटलं आता काहीतरी फिरेल. खरंच वाटलं. वादळानंतर ज्या माणसांनी आमचं छप्पर बसवलं होतं तीच सगळी तिथे बसली होती.

मिस्येंनी घसा साफ केला. "भावना समजतात. पण निर्णय मंडळाचा असतो. मंडळाच्या मुलींनी कामावर शांतपणे जावं आणि या प्रकरणात पडू नये, हे मान्य असणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. पुरुषांचे आधी, मग काही बायकांचे, आजूबाजूला बघून. आतेचा झाला नाही. बाचा झाला. मी त्याच्याकडे बघत होते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं हात वर करताना गणपतीच्या रिकाम्या चौरंगाकडे पाहिलं. खांद्याच्या वर तो हात गेला नाही, पण मोजताना तेवढ्यानं भागतं.

याला लोक एकी म्हणतात. मी त्या दिवशी घरी चालत येताना उसाच्या पाती हातानं तोडत आले. बोटं कापली. साहेबानं आम्हाला वेगळं करून गप्प केलं आणि मिस्येंनी एकत्र बसवून गप्प केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत होती. मला दोन्ही भाषा येत होत्या म्हणूनच बहुतेक दोघांनाही मी नको होते.

सोमवारी गेटवर शिपायानं आत सोडलं नाही. आम्ही चौघी आपल्या मर्जीनं काम सोडून गेलो, असं कंपनीनं लिहिलं होतं. आम्ही कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे बाकावर अख्खी सकाळ गेली. अधिकारी तरुण होता, घाईत.

"तक्रार एकेकीची असेल तर वेगवेगळी द्या. प्रत्येकीची तारीख वेगळी लागेल. सगळ्यांची मिळून असेल तर नोंदलेली युनियन हवी. तुमची युनियन आहे?"

"नाही. आम्ही चौघी आहोत," मी म्हटलं.

"चौघी म्हणजे काय? कायद्यात चौघी असं काही नसतं."

मग तो जरा नरम झाला, आवाज खाली आणला. "तुम्ही मराठी ना? तुमच्या मंडळाचे कुणी मोठे असतील. त्यांना सांगा, एका फोनचं काम आहे." आणि मैत्रिणीकडे वळून, "तुमच्यात कोण आहे?"

"माझ्यात?" ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "सध्या तरी हाच एक आहे. तो बाहेर आला की पाठवते."

आम्ही चौघीही इतक्या हसलो की शिपाई आत डोकावला. अधिकाऱ्याला राग आला आणि त्यानं आम्हाला वेगवेगळ्या तारखा दिल्या. बाकीच्या दोघींनी तारखेच्या आधीच लिझिनशी मिटवून घेतलं. त्यांना मी दोष देत नाही, पण माझा राग त्यांना वगळून जात नाही. माझी सुनावणी झाली तेव्हा कंपनीतर्फे साक्ष द्यायला सुपरवायझर आली होती. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं की बिल्ला नेहमी टेबलावरच असतो. माझी तक्रार फेटाळली, मैत्रिणीचीही. पुढे ऐकलं की लिझिनमध्ये आता ओळीला दोन बिल्ले झाले आणि मिस्येंनी ते आपल्या प्रयत्नानं झाल्याचं बैठकेत सांगितलं.

भावाचं काम राहिलं. बा माझ्याशी बरेच महिने फक्त जेवणापुरतं बोलला, मीही तेवढंच बोलले. त्यानं त्या दिवसाबद्दल कधी काही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. मला त्याचं उत्तर माहीत होतं आणि ते ऐकलं असतं तर मला त्याची दया आली असती. मला दया नको होती. मी आमच्या बेटावरच्याच सुरिनाम नावाच्या गावी एका विधवा बाईच्या शिवणकामाच्या दुकानात लागले, बस बदलत जायचे. मंडळाच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं येईनासं झालं. आतेनंही मग जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणायची.

मैत्रिणीला मुलगी झाली. बातमी कळल्यावर मी शिवलेली झबली घेऊन तिच्या गावी गेले. दारात तिची आई होती, बारीक, करड्या केसांची, हातात मासे साफ करायची सुरी. मी कोण ते सांगताच ती क्रेओलमध्ये सुरू झाली.

"तूच ती मशीन बंद करणारी? माझ्या पोरीनं लाज गिळली असती, घरी येऊन रडली असती आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली असती. मी नाही गेले तशी? तू तुझा राग काढलास आणि तिची रोजी गेली. तिला विचारलं होतंस का बंद करायच्या आधी?"

मी झबल्यांचं पुडकं पुढे केलं. आतून मैत्रिणीचा आवाज आला, "मामां, गप. मीच बंद केलं असतं. तेव्हा मी जमिनीवर होते म्हणून हात पोचला नाही."

"तू बोलू नको. तुझे टाके ओले आहेत."

"टाक्यांचा आणि तोंडाचा काय संबंध?"

दोघी बराच वेळ भिंतीच्या आरपार भांडल्या. मी बाळ मांडीवर घेऊन बसले. काळीभोर, जावळ भरपूर, मुठी घट्ट मिटलेल्या. तिची आजी सुरी धुऊन आली, मला आणखी दोन वाक्यं सुनावली आणि सुनावता सुनावताच माझ्यापुढे ताट ठेवलं. भात, मसूर, तिखट मासा. "खा. माहेबूर्गहून चालत आली असशील," ती म्हणाली, आणि तिचा राग जराही कमी झाला नव्हता.

माझाही झाला नव्हता. मी जेवले.